चार पुरतात

ओबेद रणभिसेनं केस उघडली तेव्हा
मौलाली ड्रमचे बोल्ट आवळत होता.
पाना हातात तसाच धरून म्हणाला,
“काय बे, बेस आणलास का बाज?”
आम्ही हसलो.
सगळ्यांत मोठ्यानं मी.

सहा तारा.
मान एवढी रुंद
की तिच्यावर कडक भाकरी थापावी.
मी माझी चार तारांची पुसत बसलो,
सत्त्याऐंशी साली हैदराबादेतून आणलेली,
सुलतान बाजार, दुसरा मजला,
बापाच्या ग्रॅच्युइटीतले पैसे.
म्हणालो, बेसवाल्याला चार पुरतात.

हे वाक्य माझं नव्हे.
मला ते जोसेफमास्तरांनी दिलं,
त्यांना कुणी दिलं, त्यांनाच ठाऊक.
तेव्हा नवी तार परवडायची नाही,
जुन्याच आम्ही पातेल्यात उकळायचो,
मळ निघाला की पुन्हा चढवायच्या,
दोन लग्नं आणि एक गणपती निघून जायचा.
हे वाक्यही तसंच,
उकळून उकळून वापरलेलं.

आणखीही होती.
ज्याला गाण्यातली जागा कळत नाही
तो तारा वाढवतो.
बेसवाल्यानं ऐकू यावं, दिसू नये.
गुरुसिद्ध, ज्याच्या कीबोर्डला एकसष्ट पट्ट्या,
तोही मान डोलवत होता.

ओबेद काही बोलला नाही.
चर्चमध्ये वाजवणारं पोरगं,
सूर लावताना ओठ मिटून घेतं.

एकदा गड्ड्यावर,
पाळण्यांच्या मागच्या बाजूला,
एकतारीवाला म्हातारा भेटला होता.
माझी बेस त्यानं निरखली,
बोटानं मोजली,
आणि कानडीत काहीतरी विचारलं.
गुरुसिद्धनं सांगितलं, हा म्हणतोय,
एवढ्या चार कशाला?
ती गोष्ट मी तीस वर्षं विनोद म्हणून सांगतो.
ह्या खेपेला सांगितली नाही.

तालीम अक्कलकोट रोडला,
बंद पडलेल्या मागांच्या शेडमध्ये.
फरशीत अजून बोल्टांची भोकं आहेत,
तेलाचे काळे डाग आहेत,
ते फिनाइलला दाद देत नाहीत.
लाइट गेली, मग आली,
पोरं चहाला गेली.
ओबेदची बेस खुर्चीला टेकून उभी,
अँप चालू.

मी नुसता अंगठा टेकवला.
सगळ्यांत जाड तार, खालचा बी,
माझ्या बेसच्या तळघराखालचा.
एकदाच.

आवाज आला असं नाही म्हणता येणार.
आधी फरशीला कळलं.
मग तळपायांना.
मग दाढेला, जी डावीकडे दुखते.

आमच्या घरी आठ माग होते, खाली.
मी वर निजायचो, कान जमिनीला लावून.
तांब्यातलं पाणी रात्रभर थरथरायचं,
बाप म्हणायचा, घर चालू आहे, झोप.
सुट्टीच्या दिवशी माग थांबले
की मला झोप यायची नाही.
मग ते थांबलेच.
भंगारवाल्यानं किलोवर नेले.
बाप आणखी चार वर्षं जगला
आणि प्रत्येक रात्री विचारायचा,
लाइट गेली का रे?

मी एवढी वर्षं वाजवतोय,
ई तारेच्या शेवटाला येऊन थांबतोय,
आणि मला वाटायचं, गाणं इथंच संपतं.

पुन्हा वाजवली.
खिडकीची तावदानं वाजली तशी सोडून दिली,
चोरासारखा खुर्चीवर येऊन बसलो,
फडकं हातात घेतलं.

मौलाली आत आला. “काय अंबादासमास्तर,
बघितली का बाज?”
मी म्हणालो, तारा उंच आहेत फार,
बोटं सोलून निघतील.
आणि परत म्हणालो,
चार पुरतात.

ओबेद मागून आला, दोन ग्लास घेऊन.
त्याची नजर बेसवर गेली.
जाड तार अजून हलत होती,
कडा पुसट, एकाच्या दोन दिसाव्यात तशी.

त्यानं तिच्यावर तळवा ठेवला.
शेड गप्प झाली.
“चहा घ्या मास्तर,” म्हणाला,
“साखर कमी आहे.”